चांदबीचा लोड

गाडी चिंचेखालीच राहू द्या आणि एवढं चालत या. हा जो लांबट उंचवटा दिसतोय, त्याला आमच्या गावात, हाळवण्यात, लोडाचा माळ म्हणतात. सरकारी नकाशात त्याचं काही वेगळंच नाव आहे, ते तलाठ्याला ठाऊक. उंची पुरुषभरही नाही, पण पडलाय कसा बघा, बैठकीत भिंतीला लोड लावून ठेवावा तसा. आणि त्याच्या अंगावर ही सावरीची झाडं, एका रांगेत, खांद्याला खांदा लावून उभी. कुणी लावली म्हणाल, तर कुणीच नाही.

आता सावर म्हटली की काटे आलेच. बुंध्यावर हात ठेवाल तर रक्त काढेल असं हे झाड. पण या झाडांच्या गावाकडच्या अंगाला, बसलेल्या माणसाची पाठ जिथवर पोचते तिथवर, एक काटा सापडायचा नाही. मागे एक प्रोफेसर आले होते. म्हणाले, म्हातारी झाडं खालचे काटे टाकून देतात, त्यात नवल काही नाही. मी म्हटलं, असेल बाबा, तुम्ही शिकलेले. मग जरा पलीकडच्या अंगाला जाऊन पाठ टेकून दाखवा. हसले, पण गेले नाहीत.

मी हौसा. गावात हौसाक्का म्हणतात. आमच्या घरात सुईणपण सासूकडून सुनेकडे चालत आलं. तालुक्याला दवाखाना झाला आणि ते माझ्यापाशी येऊन थांबलं. बरं झालं थांबलं, त्या कामात झोप नसते. पण सुईणपणाबरोबर सासू ही गोष्टही सुनेला देत आली, आणि ती द्यायला मला सून मिळाली शहरात नोकरी करणारी. म्हणून येईल त्या पाहुण्याला सांगते. बसा. खाली बसा, पण गोष्ट संपेपर्यंत झाडाला टेकू नका.

फार वर्षांमागची गोष्ट. घाटावर देसायांचा अंमल होता आणि खाली कोकणात उतरणारे बैलांचे तांडे आपल्या ओढ्याकाठी मुक्काम करत. त्या काळी हाळवण्यात दावल नावाचा पिंजारी राहत होता, असं सांगतात. कापूस पिंजायच्या धनुकलीच्या तातेवर, म्हणजे तिच्या ताणलेल्या दोरीवर, त्याचा हात पडला की घरभर टुंई टुंई नाद भरायचा आणि कापूस असा फुलून यायचा, की फुंकर मारायची भीती वाटावी. पण त्याचं खरं नाव झालं ते लोडांमुळे. दावलने भरलेल्या लोडावर मूठ दाबा आणि सोडा, खळगा आपोआप भरून यायचा. बेळगावापासून लोक त्याच्याकडून लोड भरून नेत म्हणे.

आता लोड म्हणजे त्या काळी काही पाठीची सोय नव्हती, मान होता. लोड असायचे देसायांच्या बैठकीत. बाकीच्या गड्यांनी भिंतीला टेकावं, भिंत नसेल तर गुडघ्यांना मिठी मारून बसावं. बायकांनी तर टेकून बसायचंच नाही. टेकून बसलेली बाई म्हणजे आळशी. हे कुणी ठरवलं विचाराल, तर टेकून बसलेल्या पुरुषांनी. स्वतः दावलच्या घरात काय होतं? दोन वाकळी आणि एक पाट. जन्मभर दुसऱ्यांच्या पाठी सुखात ठेवणारा माणूस स्वतः पाट उशाला घेऊन झोपायचा.

दावलची बायको चांदबी. अंगाने बारीक, बोलायला गोड, हसली की डोळे मिटून हसायची. तिचं दोन वेळा पोटातलं गेलं होतं. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा ती कुणाला सांगायलाही धजली नाही. पाचवा महिना सरला, तशी तिला रात्री आडवं पडवेना. पडली की धाप लागायची, उठून बसली की कंबर मोडायची. दावलने मग वरच्या वाडीच्या गिरजा सुईणीला बोलावलं. ही गिरजा म्हणजे आमच्या घराण्यातली मूळ बाई. तिची जीभ आमच्या घरात अजून आहे असं लोक म्हणतात. मला काही माहीत नाही.

गिरजाने चांदबीचं पोट पाहिलं, पाय दाबून पाहिले, आणि दावलला म्हणाली, "हिला उताणी पडू देऊ नको. डाव्या कुशीवर झोपवायची. पाठीशी आधार पायजे, दोन गुडघ्यांच्या मधी आधार पायजे. धाप लागली तर बसवायची, आन म्होरं काहीतरी ठेवायचं, त्यावर वाकून पडंल असं. बाळतीण होईपातूर ह्यात खंड पडता कामा न्हाई."

"उशी शिवतो की," दावल म्हणाला.

"उशी कुठवर पुरंल? लोड पायजे. हिच्या लांबीचा."

दावल हसलाच. "लोड? आमच्यात? गिरजाक्का, लोडाला टेकायला ही काय देसाईण हाय?"

"देसाईणीचं पोट आन हिचं पोट येगळं असतंय व्हय रं? मला इचार. मी दोन्ही बघितल्यात."

दावल कापूस काढायला उठला. पण घरात कापूस होता तो सगळा गिऱ्हाइकांचा. तेव्हा चांदबीनेच कोपऱ्यातली मडकी दाखवली. गेल्या चैत्रात सावरीची बोंडं फुटली होती, तेव्हा रानातून उडत येणारा कापूस ती येता जाता पदरात धरून साठवत गेली होती. कुणाच्या मालकीचा नव्हता तो, वाऱ्याचा होता. पोरासाठी लहानशी गिरदी, गोल उशी, करावी असं तिच्या मनात होतं. सावरीच्या कापसात बारीक काळं बी असतं. टोपलीत घालून काठीने घुसळलं की ते खाली पडतं, मग वरचा कापूस भरायचा. ते काम चांदबीचं, पण तिला वाकवत नव्हतं म्हणून राहून गेलं होतं.

दावलला त्या दिवशी धीर निघाला नाही. बायको भिंतीशी बसून धापा टाकत होती. त्याने खोळ शिवली आणि बी न काढताच कापूस आत कोंबला. पिंजाऱ्याच्या हातून व्हायला नको अशी ही चूक. आपल्याच कामाची त्याला लाज वाटली. म्हणाला, "चार दिसांनी उसवून साफ करतो. कुणी हात लावून बघितलं तर हसतील मला."

चांदबी लोडाला पाठ लावून बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा टेकली होती ती. डोळे मिटून म्हणाली, "उसवू नगा. कूस बदलली की आत बी सरकतंय. सुपात कुणी हळूहळू पाखडतंय असं वाटतंय. झोप येतीया."

आणि ती खरोखरच झोपली. कितीतरी दिवसांनी झोपली. असं सांगतात, की त्या लोडावर झोपली की तिला एकच स्वप्न पडायचं. उघडा माळ आहे, ऊन कोवळं आहे, सावरीचा कापूस वाऱ्यावर तरंगतोय, आणि तिचं मूल मातीत बसलंय. चालत नाही, बोलत नाही, नुसतं बसलंय. त्याची मान डुलते, अंग मागे कलतं, आणि चांदबी मागे बसलेली असते ती त्याला पाठीशी घेते. सकाळी उठून ती दावलला हे सांगायची. म्हणायची, "मला जास्ती काय नगं. ते चालंल, पळंल, लगीन करंल, ते तुम्ही बघा. मला एवढं बसल्यालं बघायचंय. आन मागं मी पायजे." तिच्या दोन्ही मुलांनी जग बघितलंच नव्हतं. बसलेलं मूल म्हणजे तिच्या लेखी जगलेलं मूल.

माघ गेला, फाल्गुन गेला. माळावरच्या जुन्या सावरी लाल फुलांनी पेटल्या आणि विझल्या. चांदबीच्या अंगावर तेज आलं. दुपारी लोड उन्हात टाकायचा, संध्याकाळी झटकून आत घ्यायचा, हे दावल स्वतः करायचा. गाव हसायचं. पिंजारीण लोडाला टेकते, आता तिला चवऱ्या ढाळायला माणूस ठेवा, असं पाणवठ्यावर बोलणं चालायचं. चांदबी ऐकून घ्यायची. तिचा जीव त्या स्वप्नात होता, तिला पाणवठ्याचं काय.

वैशाखात देसायांच्या मुलीचं लग्न निघालं. सुभानराव देसाई म्हणजे तालेवार माणूस, तसा वाईट नव्हता, पण मानाचा भुकेला. वऱ्हाड बेळगावाकडचं, व्याही तोलामोलाचे. बैठक मांडताना कारभाऱ्याच्या लक्षात आलं की एक लोड उंदरांनी पोखरलाय. ऐन वेळी नवा कुठून आणणार? तो दावलच्या दारावरून चालला होता. अंगणात उन्हात टाकलेला लोड दिसला.

"दावल, हा दे. दोन दिवसांत आणून टाकतो," कारभारी म्हणाला. "खुद्द व्याह्यांच्या पाठीशी लावतो तुझा लोड. मग बघ, बेळगावात नाव होतंय तुझं."

दावलने हो म्हटलं. आत जाऊन बायकोला विचारलंही नाही. माणसाचं असंच असतं, मान म्हटला की पाघळतो. शिवाय देसायांच्या घरी नाही म्हणायची जिभेला सवय नव्हती. लोड खांद्यावर घेऊन कारभाऱ्याचा गडी वळणापलीकडे जाईपर्यंत दावल दारातच उभा होता. आत जाऊन त्याने सांगितलं. चांदबी म्हणाली, "द्या. दोन दिसांचा तर सवाल हाय." ती रागावली असती तर बरं झालं असतं असं दावल म्हातारा होईतो म्हणत होता.

लोड गेला आणि पहिल्याच रात्री धाप परत आली. दावल तिच्या पाठीला पाठ लावून बसला. दुसरं त्याच्यापाशी काय होतं? पण माणसाची पाठ म्हणजे हाडं. ती हलते, श्वास घेते, पेंगते. लोडासारखी गप्प राहत नाही. पहाटेपर्यंत दोघंही बसून होती. लग्नाच्या दिवशी उन्हं वर आली आणि चांदबीला कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. आळीत माणूस नव्हतं, सारं गाव मांडवात. दावलने गाडी जुंपली, तिला वाकळीवर बसवलं आणि गिरजाच्या वाडीची वाट धरली. गाडी या माळापर्यंत आली. इथे चांदबीने दावलच्या पाठीला हात लावला आणि म्हणाली, "आता थांबवा. पुढं जमायचं न्हाई."

तिकडे मांडवात पंगती उठल्या होत्या. पुरणपोळी पोटात, वैशाखाची दुपार, वरून विड्याची तार. बैठकीत सगळे लोडांना रेलले होते. व्याही दावलच्या लोडाला टेकले आणि त्यांचा डोळा लागला. जरा वेळाने ते दचकून उठले, तर मिशा ओल्या. भरल्या बैठकीत व्याह्यांच्या डोळ्यात पाणी! लोकांनी दुसरीकडे बघितलं. व्याही सरकून भिंतीशी बसले. त्या जागी त्यांचे भाऊ टेकले. त्यांचंही तेच झालं. मग मामा. एकेक मोठा माणूस त्या लोडाला टेकायचा, पेंगायचा, आणि लहान पोरासारखा हुंदका देऊन जागा व्हायचा. बाकीच्या लोडांवरचे सुखाने घोरत होते.

शेवटी सुभानराव स्वतः उठले. म्हणाले, बघू तरी काय आहे. टेकले. आणि त्यांना दिसलं ते असं म्हणे. उघडा माळ. सावरीचा कापूस हवेत थांबल्यासारखा तरंगतोय. मातीत एक लहान मूल बसलंय. मान डुलतेय, अंग मागे कलतंय, आणि मागे कुणी नाही. देसायांनी हात पुढे केले, पण हात पोचेनात. स्वप्नातली धाव ती, पाय उचलायचे आणि जागचं हलायचं नाही. मूल मागे जात राहिलं, जात राहिलं. आणि कुठून तरी एका बाईचा दमलेला आवाज आला, "कुणीतरी मागं बसा गं."

देसाई जागे झाले ते उभेच राहिले. त्यांनी कारभाऱ्याला विचारलं, "हा लोड कुणाचा?"

"दावल पिंजाऱ्याचा, सरकार."

"दावल लोड विकतो. स्वतःसाठी ठेवत नाही. कुणाचा?"

कारभाऱ्याने खाली मान घालून सांगितलं. पोटुशी बायको आहे, तिच्यासाठी केलाय असं ऐकलं होतं, पण दोन दिवसांचीच तर गोष्ट. देसायांनी त्याला शिवी दिली नाही. अंगावरची शाल टाकली, पागोटं तिथेच राहिलं, आणि तो लोड उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला. मांडव बघत राहिला. देसाई भर दुपारी, बोडक्या डोक्याने, खांद्यावर ओझं घेऊन पिंजाऱ्याच्या आळीत चालले होते. घरात कुणी नव्हतं. दार उघडं, आत कापसाचे तंतू उन्हात तरंगत होते. दारातून गाडीची चाकोरी माळाकडे गेली होती. देसाई त्या चाकोरीवरून धावत सुटले.

माळावर गाडी सुटलेली, बैल बाजूला उभे. गिरजा लग्नाला जेवायला खाली उतरत होती, ती वाटेतच या दोघांना भेटली होती. चांदबी चाकाला पाठ लावून बसली होती आणि चाकाचे आरे तिच्या पाठीत रुतत होते. तिचं अर्धं बळ नुसतं बसून राहण्यात जात होतं. देसाई धापा टाकत आले. गिरजाने त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. म्हणाली, "देसाई, लोड हिकडं द्या आन तोंड तिकडं करा."

देसायांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी लोड दिला आणि तोंड तिकडे केलं.

लोड पाठीशी गेला आणि चांदबीने मोठा श्वास घेतला. कूस बदलताना आतलं बी सरकलं, तो आवाज ऐकून ती हसली असं गिरजा सांगायची. उन्हं कलायच्या आत मूल झालं. मुलगी. रडली, चांगली खणखणीत रडली. पण चांदबीचं रक्त थांबेना. गिरजाने तिला येत होतं ते सगळं केलं. देसाई येईपर्यंत जे बळ खर्च झालं होतं ते आता कुठून आणायचं? वरातीमागून घोडं म्हणतात ते असं, आणि इथे तर वरातही घरचीच.

मुलगी आईच्या अंगावर दिली. चांदबी तिच्याकडे बघत म्हणाली, "हिला बसवा की."

"आगं खुळे, आत्ता जल्मली ती. मान तरी धरू दे," गिरजा म्हणाली. तिच्या डोळ्याला धार लागली होती.

चांदबी डोळे मिटून हसली. "बरं. मग बसंल तवा मागं कुणीतरी असू दे."

त्यानंतर ती बोलली नाही. सावरीचा कापूस उडत होता, तो तिच्या केसांवर बसत होता, आणि दावल एकेक तंतू काढत होता. ती गेली हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं. गिरजाला आधी कळलं होतं, पण तिने त्याला कापूस काढू दिला.

चांदबीला तिच्या माणसांत, कबरस्तानात माती दिली. बाळंतपणाचा लोड मात्र परत घरी नेत नाहीत. तो जिथे मूल झालं तिथेच, या माळावर, गिरजाने आणि देसायांनी आडवा चर काढून पुरला. चर देसायांनी स्वतः खणला. माती लोटून वर लांबट उंचवटा झाल्यावर ते म्हणाले, "माझ्या पाठीला आता लोड लागायचा नाही. माझ्या घरच्या पाठीलाही नाही, आजारी पडल्याशिवाय." आणि त्यांनी ते पाळलं. बैठकीतले सगळे लोड त्यांनी गावात वाटून टाकले. खालच्या आळीतल्या दमेकरी कुंभाराला एक गेला, तो रात्रभर त्यावर पुढे वाकून निजायचा. जुळी झालेल्या एका बाईकडे दोन गेले, पोरांच्या दोन अंगांना लावायला, कूस बदलून खाली पडू नयेत म्हणून. एका म्हातारीच्या आखडलेल्या गुडघ्यांखाली एक गेला. लोड मानाचा होता तो गरजेचा झाला. दैवाने ही समज आठ दिवस आधी दिली असती, तर चांदबी जगली असती. हे मी प्रत्येक वेळी सांगते आणि प्रत्येक वेळी मला देसायांचा राग येतो. माणूस पश्चात्तापाने चांगला झाला म्हणून गेलेलं माणूस परत येत नाही.

मुलीचं नाव अमिना ठेवलं. गावातल्या बाळंतिणींनी तिला आळीपाळीने पाजलं. पाऊस झाला, आणि माळावर जिथे चर बुजवला होता तिथे एका सरळ रेषेत कोंब वर आले. न काढलेलं बी ते. दावलने पाहिलं आणि वाकून एकेका कोंबाला बोट लावलं. ज्या चुकीची त्याला लाज वाटत होती, ती चूक हिरवी होऊन वर आली होती.

कार्तिकात अमिना बसायच्या बेताला आली. दावलने तिला घरी बसवलंच नाही. जीवच होईना त्याचा. एका सकाळी तो तिला घेऊन माळावर आला. धुकं नुकतं विरत होतं, ऊन कोवळं होतं. त्याने तिला मातीत ठेवलं आणि पाण्याचा तांब्या घ्यायला वळला. मागे पाहतो तर पोर एकटीच बसलेली, डुलतेय, हसतेय, आणि मागे सावरीची रोपं. सावरीचं रोप कोवळं असतं तेव्हाच जास्त काटेरी. अमिनाचं अंग मागे कललं. दावल ओरडत धावला. तो पोचला तेव्हा ती रोपांना टेकून बसली होती. अंगावर ओरखडा नाही. रोपं थोडी वाकली होती आणि तिच्या वजनासकट परत सरळ होत होती, त्याने भरलेला लोड दाबल्यावर वर यायचा तशी. त्याने बोट फिरवून पाहिलं. पोरीच्या पाठीएवढ्या उंचीपर्यंत खोडाला काटा नव्हता. त्याच्या वर होते, पलीकडे होते. इथे नव्हते.

पुढे अमिना रोज तिथे जाऊन बसायची. ती वाढत गेली तशी बिनकाट्याची जागा वर सरकत गेली, असं सांगतात. झाडं आणि पोर बरोबरीने वाढली. अमिनाचं लग्न गावातच झालं. तिला दिवस गेले तेव्हा ती दुपारभर इथे पाठ लावून असायची. गिरजा तेव्हा थकली होती, पण तिचं बाळंतपण तिनेच केलं, आणि मायलेकरं दोन्ही सुखरूप. त्यानंतर ती जागा वर सरकली नाही. बसलेल्या बाईच्या पाठीएवढी झाली आणि थांबली. अमिनाचं मूल बसायला लागलं, तेव्हा तिने त्याला इथे आणलं, मातीत ठेवलं आणि आपण पुढे होऊन बसली. सासू ओरडली, अगं मागे थांब. अमिना म्हणाली, "मागं हाय की अम्मा."

आता कुणी म्हणेल, ही सगळी मनाची समजूत. असेल. आमच्या गावात भाऊबंदकी आहे, बांधावरून डोकी फुटतात, निवडणुकीत तर विचारू नका. पण लोड मागायला कुणी दारात आलं तर नाही म्हणत नाहीत. कुठल्या जातीचं, कुठल्या पार्टीचं, हे विचारायचं नसतं. एवढंच विचारायचं, की झोपणारा कुशीवर झोपणार की वाकून, म्हणजे मऊ द्यायचा की घट्ट ते कळतं. आता बाजारात फोमचे लांब लोड मिळतात, पोटुशीसाठी अर्धगोल वळलेलेही मिळतात, माझ्या सुनेने मागवला होता. चांगला होता. पण गावातल्या बायका त्याची एक शिवण उसवून चिमूटभर सावरीचं बी आत टाकतात आणि परत शिवतात. कंपनीवाल्यांना कळलं तर काय म्हणतील कोण जाणे.

देसायांच्या बैठकीत आजही लोड नाही. त्यांचे आताचे नातू बँकेत आहेत, तेही ताठ बसतात, पाठ दुखते म्हणून कुरकुरतात आणि तरी ताठ बसतात.

आणि आजही हाळवण्यात मूल बसायच्या बेताला आलं, की घरचे त्याला सकाळच्या उन्हात या माळावर आणतात. झाडांच्या पुढ्यात मातीत ठेवतात. मग आजी, आत्या, मामा, सगळे पुढे येऊन बसतात. मागे कुणी थांबायचं नाही. बाळाची आईही नाही. तिने पुढे बसायचं आणि एकदा हाक मारायची, "चांदबी, धर गं." मूल डुलतं, हसतं, मागे कलतं. त्या वेळी आईने बाळाकडे पाहावं असं तुम्हाला वाटेल. मी कितीतरी आया पाहिल्यात इथे. एकीनेही बाळाकडे पाहिलं नाही. प्रत्येकीची नजर त्याच्या मागे असते, आणि तिथे काय दिसलं हे आजवर कुणी मला सांगितलेलं नाही. फक्त प्रत्येक आई हात जोडते.